फिरत्या कॅसेटमधली चिमणी

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या बाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या, आणि फोनवर त्यांच्याशी पहिल्यांदा बोलणारा प्रत्येक माणूस त्यांना 'साहेब' म्हणायचा.

मान म्हणून नव्हे. बाईंचा आवाजच तसा होता, खालच्या पट्टीतला, भरदार, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. "साहेब, जरा स्टोअरला जोडून देता का," असं पलीकडून आलं की बाई मुकाट्याने वायरीचं टोक बोर्डाच्या भोकात खुपसून जोडून द्यायच्या. पहिली काही वर्षं त्या "साहेब नाही, बाई बोलतेय" असं सांगून बघत. त्यावर पलीकडचा एक तर माफी मागत बसायचा, नाही तर हसत सुटायचा, आणि तेवढ्यात बोर्डावर बाकीचे दिवे लागून राहायचे. मग त्यांनी सांगणंच सोडलं.

शाळेत गाणं शिकवणाऱ्यांनी त्यांना मागच्या रांगेत उभं करून नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं. तेव्हापासून बाई चारचौघांत कधी गायल्या नाहीत. पण गाणं काही सुटलं नाही. दुपारी बोर्ड थंड असला की त्या मनातल्या मनात चाली लावायच्या. शब्दही स्वतःचेच. घरी भांडी घासताना त्या चाली तोंडातून बाहेर पडायच्या, आणि ऐकायला फक्त ताई.

ताई म्हणजे थोरली बहीण. नवरा गेल्यावर चार दिवस राहायला म्हणून आली आणि राहूनच गेली. बाईंना ती अजून 'बेबी' म्हणायची. "बेबी, तू गातेस ते चांगलं का वाईट मला कळत नाही," ती म्हणायची, "पण तू गायला लागलीस की भांडी स्वच्छ निघतात."

त्या वर्षी धाकट्या भावाने नवा टेपरेकॉर्डर घेतला आणि जुना बहिणींकडे आणून टाकला. त्याच सुमारास एका मासिकाच्या शेवटच्या पानावर बाईंना चार ओळींची जाहिरात दिसली. घरी बसून स्वतःच्या चाली करणाऱ्यांनी लिहावं, एकच कॅसेट टपालाने घरोघर फिरेल, ज्याने त्याने त्यावर आपलं काही टेप करून पुढे धाडावं. ऐकलेली गाणी नकोत, केलेली हवीत. जाहिरात एका घड्याळदुरुस्तीवाल्याची होती. तो मेंडोलिन वाजवायचा. बाईंनी पत्र टाकलं आणि आठवडाभर ताईला सांगितलंच नाही.

चौघं जमले, चार गावांचे. घड्याळवाले, बासरी वाजवणारे एक भूगोलाचे मास्तर, ॲकॉर्डियन वाजवणारी एक बेकरीवाली, आणि चौथ्या बाई. आजच्या मुलांना सांगून पटायचं नाही, पण ती कॅसेट जाडसर कागदात गुंडाळून, दोरा बांधून यायची, आणि ती आली की घरात पाहुणा आल्यासारखं वाटायचं.

रविवारी दुपारी टेपिंग. खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, नळ घट्ट पिळायचा. बाई गाद्यांच्या कपाटाचं दार उघडून आत तोंड करून उभ्या राहायच्या, कारण गाद्यांमुळे आवाज घुमत नाही असं मास्तरांनी एका कॅसेटवर सांगितलं होतं. ताई दाराशी खुर्ची टाकून बसायची आणि जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तर तिथूनच हात हलवून परतवायची. बाईंना वाद्य येत नव्हतं. टेबलावर बोटांनी ठेका धरायच्या आणि गायच्या.

गाण्याआधी प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे असा रिवाज पडला होता. त्यामुळे न बघताच सगळे ओळखीचे झाले. घड्याळवाल्यांचा आवाज इतका संथ आणि खोल, की बाईंनी त्यांना पंच्याहत्तरीचे धरून टाकलं. बेकरीवाली भारदस्त, एकेक शब्द तोलून टाकणारी. मास्तर मात्र आतून दुखावलेले असावेत. बासरी तर अशी रेंगाळत, खाली मान घालून चाललेली, की ऐकताना ताईसुद्धा भाजी निवडायची थांबायची. "बिचाऱ्याचं काहीतरी झालंय," ती म्हणायची. "बायको तरी गेली असेल, नाही तर बदली तरी झाली असेल."

आणि बाईंच्या पहिल्या गाण्यावर त्या तिघांनी काय म्हणावं? "पोरी, आवाज काय गोड आहे तुझा," बेकरीवाली संथपणे म्हणाली. "चिमणीसारखा." घड्याळवाल्यांनी री ओढली. तेव्हापासून कॅसेटमध्ये बाईंचं नाव चिमणी पडलं.

बाईंनी ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. मग आपलं गाणं लावून ऐकलं. तोच जाड आवाज, तेच पिंप.

"ताई, तुला हा चिमणीसारखा वाटतो?"

"मला तो तुझ्यासारखा वाटतो."

"पण ते तिघं म्हणतायत."

"मग असेल. आपला आवाज आपल्याला कळत नाही म्हणतात. तुझा मला तरी कुठे कळतोय, जन्मापासून ऐकते आहे."

बाईंनी मनाशी ठरवून टाकलं, की प्रत्यक्षात कसाही असो, टेपमध्ये आपला आवाज सुधारतो. काही माणसं फोटोत बरी दिसतात, तसं. सोमवारी बोर्डावर कुणी साहेब म्हणालं तरी त्या आता हसायच्या. त्यांना ठाऊक होतं, तीन गावांत आपण चिमणी आहोत. रंग उजळला की काय कोण जाणे, पण कॅन्टीनवाल्याने विचारलंसुद्धा, बाई हल्ली खुशीत दिसता.

पावसाळा सरता सरता मास्तरांनी एक नवी चाल पाठवली आणि कुणी शब्द घालेल का म्हणून विचारलं. बाईंनी ती ऐकली आणि त्यांना आपला बोर्डच दिसला, संध्याकाळी सहानंतरचा. त्यांनी शब्द केले.

दिवे मालवले एकेक, जो तो घरी गेला,
कोण कुणाशी काय बोलले, तार विसरली बोला.

मास्तरांच्या बासरीबरोबर गुणगुणत त्यांनी सूर पकडला, आणि त्याच सुरात, त्याच संथपणे कपाटात तोंड घालून गायल्या. कॅसेट फिरून आली तेव्हा तिघं नुसते वेडे झाले होते. मास्तर म्हणाले, "चाल उड्या मारतेय आणि शब्द रडवतायत. असं धाडस मी कधी ऐकलं नव्हतं." चाल उड्या कुठे मारतेय ते बाईंना कळलं नाही, पण मास्तर माणूस, काही खोल बोलला असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. बेकरीवालीने सुचवलं, आता चौघांनी एकदा एकत्र जमून हे नीट टेप करू, माझ्या बेकरीच्या मागच्या खोलीत. त्याच्या प्रती काढू, मासिकात दोन ओळी देऊ, जो कोरी कॅसेट पाठवेल त्याला भरून देऊ. तिने बेकरीचा फोन नंबरही सांगितला. शेवटी घड्याळवाल्यांनी घसा खाकरला. चिमणीच्या घरच्यांची हरकत नसेल तर आपला एक भाचा लग्नाचा आहे, असं ते म्हणाले.

बाईंनी पटकन बटण दाबलं. ताई मात्र हिशेबाला बसली.

"हा माणूस पंच्याहत्तरीचा. म्हणजे भाचा पन्नाशीचा धर. बिजवर असेल. काही वाईट नाही, बेबी."

"ताई, गप बस."

"मी गपच आहे. साडी कुठली नेसणार ते सांग."

जमायचा रविवार जवळ आला आणि टेपरेकॉर्डर बंद पडला. आतला रबराचा पट्टा तुटला होता. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने जुना पट्टा चिमटीत धरून दाखवला. सैल होऊन त्याची पार शेवई झाली होती. नवा घातला. बाईंनी घरी आणून हौसेने कॅसेट लावली.

घड्याळवाले भरभर बोलायला लागले. बारीक आवाजाचा, चाळिशीचा, घाईतला माणूस. बेकरीवाली खिदळत होती. आणि मास्तरांची ती रेंगाळणारी बासरी अशी काही नाचायला लागली, की ताईने निवडलेली भाजी पुन्हा कचऱ्यात टाकली.

"मोडून ठेवला मेल्याने," ताई म्हणाली.

मग चिमणीचं गाणं आलं. विशीतली एक पोर, पातळ, झुळझुळीत आवाजाची, दिवे मालवले एकेक म्हणत उड्या मारत चालली होती. बाई कपाटाला टेकून उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत ऐकून मग तशाच यंत्र उचलून दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

"बिघडलं नाही, बाई. आत्ता बरोबर चाललंय," तो म्हणाला. "आधी सावकाश फिरत होतं. तुम्हाला दुसऱ्यांचं सगळं जड ऐकू येत असणार. आणि तुमचं दुसऱ्यांना भरभर, बारीक."

"आणि माझं मला?"

"तुमचं तुम्हाला बरोबर. सावकाश भरलं, सावकाश ऐकलं."

घरी येऊन बाईंनी ताईला एवढंच सांगितलं, की चिमणी म्हणून कुणी नाहीच. त्या रात्री जेवल्या नाहीत. लोकांनी आपल्याला साहेब म्हणावं याची सवय झाली होती. पण इतके महिने कुणीतरी आपला आवाज आवडीने ऐकतंय, पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकतंय, आणि तो आपला नव्हताच, हे त्यांना गिळवेना. तिथे जाऊन तोंड उघडायचं, म्हणजे त्या तिघांची चिमणी आपल्या हाताने मारायची. आणि मग तिच्या जागी आपण उभं राहायचं. आपल्याला तिथे कोण उभं करील?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बोर्डावरूनच ट्रंक कॉल लावला. येत नाही म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

"हॅलो, बेकरी," पलीकडून आवाज आला.

"मी त्या कॅसेटमधल्या चिमणीबद्दल बोलायला फोन केलाय."

"बोला ना, साहेब. तुम्ही वडील का तिचे?"

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. तो क्षण गेला आणि बाईंच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"बरं झालं फोन केलात. येतेय ना ती?"

"नाही जमणार. घसा बसलाय तिचा."

"अहो, तोवर उठेल की. का तसाच बसून राहणार आहे? तुम्हीच घेऊन या तिला, एकटी पोर कशी येईल. आणि राग येणार नसेल तर एक सांगू? आवाज तुमचाही छान आहे. गाता का तुम्ही?"

"नाही."

"गायला हवं होतं. वाया घालवलात," बेकरीवाली म्हणाली, आणि कुणीतरी पाव मागितले म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी हे ऐकून ताई इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. "मुलगी तूच, बाप तूच. आता मुलाकडच्यांशी बोलणी करायला मी कुणाला पाठवू?"

"ताई, मी जात नाही."

"नको जाऊस. पण मग तो मेला बाप तिथे कायमचा बसला. ते दर कॅसेटला विचारतील, बाबा कसे आहेत. कधीतरी त्याला मारावं लागेल तुला, सुतक पाळावं लागेल." ताईचं हसणं ओसरलं. "आवाजाचं राहू दे, बेबी. तो तू काही मुद्दाम केला नाहीस. हे मात्र केलंस."

ते बाईंना लागलं. चिमणी यंत्राने केली होती, पण बाप त्यांनी केला होता. निदान तेवढं तरी स्वतः जाऊन निस्तरायला हवं होतं. रविवारी सकाळी दोघी बहिणी बसने निघाल्या.

बेकरीची मागची खोली टेपिंगला झकास होती. भिंतीपलीकडे भट्टी विझवलेली, पण भिंत अजून उबदार. तिन्ही बाजूंना पिठाची पोती रचलेली, त्यामुळे आवाज कुठेही आपटत नव्हता. घड्याळवाले नवा कोट घालून माइकच्या तारा जुळवत होते. मास्तर म्हणजे ढेरपोटे, लालबुंद, हसतमुख गृहस्थ निघाले. त्यांची बायको जिवंत होती आणि बदलीही झाली नव्हती. बेकरीवाली हात पुसत दाराशी आली आणि दोन पोक्त बायका बघून रस्त्याकडे डोकावली.

"चिमणी कुठाय? आणि बाबा?"

"दोन्ही मीच," बाई म्हणाल्या.

त्या आवाजाने घड्याळवाल्यांच्या हातातली तार खाली पडली. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पट्टा, सावकाश फिरणारं यंत्र, फोन. लपवलं काहीच नाही. घड्याळवाल्यांनी कपाळावर हात मारला. "मागे पडणारी घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेली माझी," ते म्हणाले, "आणि मागे पडणारा टेप कानाला कळला नाही." कोटाच्या वरच्या खिशातून भाच्याच्या फोटोची कड डोकावत होती, ती त्यांनी हळूच आत सरकवली. ताईने ते बरोबर पाहिलं.

"दाखवा तरी," ती म्हणाली. "एवढे लांबून आलोय."

फोटो बघून ताई म्हणाली, मुलगा देखणा आहे, दुसऱ्या एखाद्या चिमणीला मिळेल. हसण्यात अवघडलेपण जरा निवळलं. पण खरा प्रश्न तसाच होता, आणि तो बेकरीवालीने काढला. ती आडपडदा ठेवणारी बाई नव्हती.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "पण मला चिमणी फार आवडायची. कॅसेट माझ्याकडे असली की मी भट्टीजवळ रोज लावायचे."

"मलाही आवडली असती," बाई म्हणाल्या. "मी तिला एकदाच ऐकलं."

आधी ठरल्याप्रमाणे वाजवून बघितलं. बासरी उड्या मारत निघाली आणि बाई त्या उंच पट्टीत दुसऱ्या ओळीलाच अडकल्या. आवाज फाटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटला. घड्याळवाल्यांनी मग तोडगा काढला. आपल्या यंत्राचा पट्टा सैल करतो, तुम्ही खाली गा, आम्हीही खाली वाजवू, ऐकणाऱ्याला वर ऐकू येईल. चिमणी जशीच्या तशी. लोकांना काय कळतंय.

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंना ते सोपं होतं. हो म्हटलं असतं तर त्या गोड आवाजाच्या प्रती गावोगाव गेल्या असत्या आणि कुणी कधी साहेब म्हटलं नसतं.

"नको," त्या म्हणाल्या. "मघापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, की तुम्ही कुणीतरी हे सुचवाल आणि मी हो म्हणेन. पण नको. एकदा माझ्या आवाजात, मी ऐकलं होतं तसं गाते. नाही आवडलं तर तुम्ही तिघं नुसती चाल टेप करा. मी पोत्यावर बसून ऐकेन, रुसणार नाही."

 मास्तर म्हणाले, "ती चाल मी शाळा सुटते तेव्हाची केली होती. मुलं धावत फाटकाबाहेर पडतात ना, तशी. तुम्ही ती सावकाश म्हणणार म्हणजे माझी मुलं म्हातारी करणार."

"हो," बाई म्हणाल्या. "घरीच जायचंय त्यांनाही. जरा सावकाश जातील."

मास्तर हसले नाहीत, पण बासरी मांडीवर ठेवून बसले. बाईंनी पोत्यावर बोटांनी ठेका धरला. कपाट नव्हतं, त्यामुळे तोंड कुठे करावं ते त्यांना कळेना. शेवटी ताईकडे बघून गायल्या. पहिला अंतरा त्या एकट्याच होत्या. दुसऱ्याला ॲकॉर्डियनने खालचा एकच सूर धरला, लांब, पाय रोवून उभा राहिल्यासारखा. तिसऱ्याला मेंडोलिन आलं. आणि मग दोन ओळींच्या मधल्या जागेत मास्तरांची बासरी धावत येऊन गेली, आपल्या मूळच्या वेगाने, मूळच्या उड्या मारत. बाई थांबल्या नाहीत की घाईला आल्या नाहीत. त्यांची ओळ संपली की मुलं पळत जायची, आणि त्या पुन्हा आपल्या चालीने पुढची ओळ घ्यायच्या.

गाणं संपल्यावर बेकरीवालीने हवा सोडत ॲकॉर्डियन मिटलं. "चिमणीचं वाईट वाटतंय ते वाटतंयच," ती म्हणाली. "पण हे टेप करा. आत्ताच करा, मास्तर विसरायच्या आत." घड्याळवाल्यांनी माइक जवळ आणला आणि भिंतीवरचं घड्याळ टिकटिक ऐकू येतं म्हणून काढून पिठात ठेवलं. पहिल्या खेपेला ताई शिंकली. दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं. नंतर चहा झाला, ताजी बिस्किटं झाली, आणि बाईंनी कुणी आग्रह न करताच आणखी दोन गाणी म्हटली.

त्या कॅसेटच्या प्रती बऱ्याच ठिकाणी गेल्या. घड्याळवाले त्या दुकानात बसून भरायचे, पुठ्ठ्यांवर नावं स्वतः लिहायचे. सेलची घड्याळं आल्यावर दुकान बंद झालं, पण प्रती काढायचं काम त्यांनी हात थरथरायला लागेपर्यंत केलं. भाच्याचं लग्न दोन वर्षांनी झालं. बायको चांगली खणखणीत आवाजाची मिळाली. मास्तरांचे दात गेले तशी बासरी सुटली, मग ते नव्या चाली गुणगुणून पाठवायला लागले, शेवटच्या आजारपणातसुद्धा. बेकरी आता बेकरीवालीच्या मुली चालवतात. तिची ती पोत्यांची खोली गोदाम झाली, पण ती स्वतः आहे, आणि ॲकॉर्डियनच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत त्या टाळून वाजवते. ताई दोन हजार चार साली गेली, झोपेतच, आदल्या दिवशी भाजीवाल्याशी भांडून. फिरती कॅसेट पंच्याण्णवच्या सुमारास कधीतरी टपालात हरवली आणि पुन्हा सापडली नाही.

कारखान्यातला बोर्ड गेला, आपोआप जोडणारं यंत्र आलं. बाईंनी उरलेली वर्षं स्टोअरमध्ये काढली आणि निवृत्त झाल्या. धाकट्या भावाच्या मुलीने, म्हणजे भाचीने, मागे ते गाणं संगणकावर चढवलं. कुठकुठल्या देशांतली माणसं ते ऐकतात म्हणे. बाई आता त्र्याऐंशीच्या आहेत. आवाज आणखी एक पट्टी खाली गेलाय आणि त्यांना तो तिथे बरा वाटतो. रविवारी दुपारी त्या भाचीच्या जुन्या फोनवर टेप करतात. सध्या एक चाल हाताशी आहे. मुखडा झालाय, पहिला अंतराही जमलाय. दुसऱ्याला अजून शब्द सापडले नाहीत.